वरची दिशा

चौघांनी खुर्ची उचलली आणि उत्तमचंदच्या तोंडात मघाचा पेढा परत आला. आंबट, कोमट, लाळेत विरघळलेला. समोर सगळी बाजारपेठ टाळ्या वाजवत होती, झेंडूचे हार हनुवटीपर्यंत चढले होते, थुंकायला जागा नव्हती. म्हणून त्यानं तो पेढा दुसऱ्यांदा गिळला. जळगावच्या इंजिनवाल्या उत्तमचंदशेठला कंपनीनं सिंगापूरच्या सहलीला न्यायचं ठरवलं होतं, तेही सपत्नीक, विमानानं. व्यापारी मंडळानं सत्कार ठेवला, आणि भाषणं संपता संपता कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की शेठला आत्ताच जरा उडवून दाखवू. खुर्ची कंबरभर वर गेली असेल, जास्त नाही. पण पायाखालची फरशी गेली तशी त्याच्या पोटातली दोरी कुणी सोडल्यासारखं झालं, मांड्या गार पडल्या आणि धोतराच्या आत एक ओलसर ऊब पसरली. थोडीशीच. कुणाला दिसली नाही. तो हात जोडून हसत राहिला, कारण सत्काराला आलेल्या माणसानं हसायचं असतं.

घरी आल्यावर हार ओसरीवर टाकून तो सरळ न्हाणीत शिरला. ‘आल्या आल्या अंघोळ?’ बायकोनं, प्रेमकुंवरनं, बाहेरून विचारलं. ‘झेंडूनं अंग खाजतंय,’ तो म्हणाला. तांब्यामागून तांब्या ओतताना त्याला स्वतःच्या पोटाकडे बघवेना. पन्नाशीचं, पांढरं, बेंबीभोवती मऊ पडलेलं पोट, आणि त्यात गेल्या महिनाभरातले गावचे सगळे पेढे. परदेशी जाणाऱ्याला रिकाम्या तोंडानं सोडायचं नाही असा जळगावनं जणू पणच केला होता. ज्याच्या घरी जावं तो बशी पुढं करी. साखरेचा पाक बोटांना चिकटे, बोटं धोतराला पुसली की धोतराला माश्या लागत. ‘आमच्याकडचं एक तरी घ्याच, शेठ,’ म्हणत बायका तोंडाशी हात आणत, त्यांच्या बोटांना तुपाचा आणि हळदीचा वास. नाही म्हणायची सोय नव्हती. आपण घासामागून घास गिळत राहतो आणि कुणाला सांगत नाही की आपल्याला हे गिळवत नाही, हा आपला जन्माचाच धंदा आहे, असं त्याला त्या न्हाणीत वाटलं, आणि साबण लावलेल्या हातांचीसुद्धा शिसारी आली.

आणि बक्षीस तरी कशाचं? पाऊस लागोपाठ दोन सालं दडी मारून बसला, विहिरी तळाला गेल्या, खोलातलं पाणी ओढायला इंजिनं लागली, आणि यावलपासून पहूरपर्यंतच्या बैलगाड्या त्याच्या दुकानापुढं येऊन उभ्या राहिल्या. घसा कोरडा पडलेली माणसं त्याच्या ओट्यावर बसून पाणी मागत आणि आत येऊन इंजिन मागत. त्यानं दोन्ही दिलं. मुद्दाम कुणाचं वाईट केलं नाही. पण कंपनीचा साहेब मुंबईहून आला, त्यानं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘शेठ, असा सीझन पुन्हा यायचा नाही,’ तेव्हा उत्तमचंदला त्याच्या दातांवरचा पानाचा लाल थर दिसला, आणि सहलीची गोष्ट त्याच तोंडातून बाहेर आली म्हणून की काय, सिंगापूर हे गावच त्याला थुंकलेल्या पानासारखं वाटायला लागलं.

धुळ्याचा भिकमचंद त्याच कंपनीचा व्यापारी. तोही बायकोला घेऊन चालला होता. तो एकदा दिल्लीला विमानानं जाऊन आला होता आणि तेवढ्यावर सगळ्या खानदेशाला शिकवायला मोकळा झाला होता. तो जळगावला आला की गादीवर पाय पसरून बसे, कानात काडी फिरवी आणि सांगे. ‘उत्तमशेठ, पुढच्या खुर्चीच्या पाठीला एक कागदी पिशवी असते. ओकायला. झालं की घडी घालून बाईच्या हातात द्यायची. बाई हसून घेते.’

‘हसून?’

‘हसून. पगारच त्याचा तिला.’ भिकमचंदनं कानातली काडी बघितली, पुसली. ‘अन् संडासाला खुर्चीसारखं बसायचं. बैठक गरम लागते. आधीचा माणूस नुकता उठून गेलेला असतो ना.’

उत्तमचंद हसला. त्या दिवसापासून त्याला ती पिशवी दिसायला लागली. तारेवर वाळत घातलेलं फडकं पाहिलं तरी तीच, दुकानात पुड्या बांधायचा कागद पाहिला तरी तीच. तो कागद हातात घेऊन पाहायचा, आत पाणी ओतलं तर तळ किती वेळ टिकेल. बंद पत्र्याच्या नळीत एवढी माणसं, एकमेकांचा श्वास घेत, गरम बैठकीवर आळीपाळीनं बसत, आणि खाली काही नाही. खाली काहीच नाही, ह्याच्यापाशी येऊन त्याचा विचार थांबे आणि तळपायांना घाम सुटे.

भीतीवर त्यानं उपाय केले नाहीत असं नाही. डॉक्टरांकडून ‘पित्तासाठी’ म्हणून गोळ्या आणल्या. त्या घेतल्या की जीभ जड होई आणि भीती तशीच राही, फक्त सांगता येत नसे. नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीचा रखवालदार ओळखीचा होता. दुष्काळात टाकी किती भरते ते बघायच्या निमित्तानं तो सकाळी सकाळी तिथं गेला. लोखंडी जिना चढायला लागला. निम्म्यावर गेल्यावर गज तळहाताला चिकटल्यासारखे झाले, ना वर जाववेना ना खाली. गजावर कबुतरांची विष्ठा वाळलेली होती, ती हाताला लागत होती, तरी हात सुटत नव्हता. रखवालदारानं वर येऊन त्याला पावलापावलानं उतरवलं आणि म्हणाला, ‘होतं शेठ, उन्हाचं होतं.’ ऊन अजून आलंही नव्हतं. वर्तमानपत्रात कुठल्याशा डोंगरावर विमान आदळल्याची बातमी आली, तेव्हा त्यानं ते पान काढून दुकानातच ठेवलं. प्रेमकुंवरला दिसू नये म्हणून. खरं तर ती बातमी पुन्हा वाचायला हवी होती म्हणून.

नाही म्हणता आलं असतं. पण काय म्हणून नाही? आजारी पडलो म्हणावं तर गावात वैद्य-डॉक्टरांची रांग लागली असती. धंद्याचं म्हणावं तर धंदा पाहायला मुनीम होता. एकच खरं कारण होतं आणि ते तोंडातून काढणं म्हणजे भर बाजारात धोतर सोडणं. सत्कार घेतलेला माणूस घाबरला! पोरंसोरं मागनं विमानाचा आवाज काढतील.

आणि घरात प्रेमकुंवर होती. तिची तयारी बघितली की त्याला उठून निघून जावंसं वाटे. पासपोर्टच्या फोटोला ती गेली तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, पदर मागं घ्या बाई, कान दिसले पाहिजेत. परक्या पुरुषापुढं डोक्यावरचा पदर न ढळलेली बाई. तिनं क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर खांद्यावर घेतला. त्या फोटोत तिचे कान उघडे आहेत आणि ती समोर बघतेय. देवीची नि कॉलऱ्याची लस टोचून झाल्यावर तिचा दंड सुजला, ताप भरला, देवीच्या जागी पू धरला. पिवळट, काठाला लाल झालेला तो फोड बघून उत्तमचंदनं मान फिरवली. ती मात्र पडल्या पडल्या म्हणाली, ‘चांगली उठलीय ना? न उठलेल्यांना परत पाठवतात म्हणे.’ ताप उतरला तशी ती बंद सँडल घालून गच्चीवर चालायला शिकली, टाचेला फोड आले तरी. डब्यांत खाकरे भरले, वाळवलेल्या मेथीचे, तिकडं जैनाला न चालणाऱ्या कांदा-बटाट्याशिवाय काही मिळायचं नाही म्हणून. भडगावची लेक ती. गिरणेला पूर आला की तिचे आबा तिला खांद्यावर घेऊन पुलाशी जायचे, एवढी एकच मौज तिच्या सांगण्यात असे. लग्न होऊन आल्यावर अंथरुणाला खिळलेली सासू, मग दोघी नणंदांची बाळंतपणं. काही मागितलेलं त्याला आठवत नव्हतं. ती आता ताट वाढता वाढता म्हणाली, ‘खिडकीशी मी बसणार हं. तुम्ही मधल्या खुर्चीवर बसा. समुद्र वरून कसा दिसत असेल हो?’

त्याला तिचा राग आला. खरोखर आला. ह्या बाईच्या पोटात काहीच कसं कालवत नाही, असा राग. आणि पाठोपाठ लाज. ती दोन्ही वरणात कालवून त्यानं खाल्ली.

उंचीचं हे कुठून आलं ते त्याला ठाऊक होतं, ठाऊक असून उपयोग नव्हता. वडिलांची, माणकचंदांची, धुळ्याला जिनिंग होती. कापूस तोलायचा मोठा काटा छताला टांगलेला, दोन बाजूंना दोन पारडी, माणूस मावेल एवढी. पाच-सहा वर्षांचा असताना तो तिथं कशासाठी तरी रडत होता. वडिलांनी हिलाल हमालाला सांगितलं, टाक रे त्याला पारड्यात, बघू किती वजनाचं रडतो. हिलालनं उचलून ठेवलं. दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजनं पडली आणि हे पारडं जे वर गेलं ते छताच्या वाशांपर्यंत. खाली सगळे हसत होते. हिलाल हात वर करून म्हणाला, ‘उतारी लेऊ का, शेठ?’ वडील म्हणाले, ‘राहू दे. रडायचा थांबला की उतरव.’ आणि चहाला गेले. नाकातोंडात कापसाचे तंतू, सरकीच्या तेलाचा कुबट वास, पारडं गरगरा फिरतंय, आणि हलावं तर ते कलतंय. तो रडायचा थांबला, कारण त्याला ओकारी झाली. ती खालच्या पांढऱ्याशुभ्र ढिगावर पडली. वडील परत आले, त्यांनी आधी ढीग बघितला आणि मग वर बघितलं. ‘माल खराब केला,’ एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नाकपुड्या वर ओढल्या होत्या. गटारातल्या कशाकडे बघावं तसं ते पोटच्या पोराकडे बघत होते.

तोड सापडली ती आईच्या आठवणीतून. जतनबाई, त्याची आई, म्हातारपणी दिशेची मर्यादा घेऊन बसली होती. जैनांत असं व्रत आहे: श्रावकानं गुरूंपुढं उभं राहून सांगायचं, पूर्वेला मी अमुक गावापलीकडे जाणार नाही, पश्चिमेला तमुकच्या, आणि तसंच खाली नि वर. जितकी जागा सोडली तितकी हिंसा टळली. आईनं वरची दिशा ‘माडीएवढी’ म्हणून सांगितली होती. पोरं हसली, माडीच्या वर तू जाणार होतीस कुठं, आजी? ती म्हणाली, ‘जाणार नसले तरी सोडायला काय जातं?’ एका दुपारी दुकानात पुडीच्या कागदाकडे बघत बसलेला असताना उत्तमचंदला हे आठवलं, आणि त्याचा हात कागदावरच थांबला. कुणी विचारणार नाही. विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा येणार नाही. उलट पाया पडतील. पहिल्यांदा त्याला स्वतःची भयंकर घाण वाटली, आणि घाण वाटत असतानाच त्यानं ठरवूनही टाकलं.

धुळ्याला जायचं प्रेमकुंवरच म्हणत होती. प्रवासाआधी मांगलिक ऐकायचं, म्हणजे साधू-साध्वींच्या तोंडून मंगलपाठ, ही घराची रीत, आणि त्या साली मोठ्या महासतीजींचा, म्हणजे ज्येष्ठ साध्वींचा, चातुर्मास धुळ्याच्या स्थानकात, साध्वी उतरतात त्या धर्मस्थानात, होता. गावातल्या वना ड्रायव्हरची टॅक्सी केली. वना निघाल्यापासून खूश होता. ‘शेठ, इमानमा भ्याव नही लागस का?’ त्यानं एरंडोलच्या अलीकडे विचारलं. उत्तमचंद खिडकीबाहेर बघत राहिला. प्रेमकुंवरच म्हणाली, ‘भ्यायचं काय त्यात? इतकी माणसं जातात.’ वना म्हणाला, ‘माले ते झाडवर चढानं बी भ्याव लागस, अक्का,’ आणि मोकळेपणानं हसला. किती सहज बोलला हा, उत्तमचंदच्या मनात आलं. ह्याला कुणी सत्काराला बसवलं नाही म्हणून.

स्थानकात उकडत होतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. घामानं ओले सदरे, तोंडावर बांधलेल्या मुहपत्त्या श्वासानं दमट झालेल्या, उपवास करणाऱ्यांच्या तोंडाचा तो शिळा वास. भिकमचंद पुढंच बसला होता, त्यानं हात करून जागा दिली. व्याख्यान झालं. ज्यांना पच्चक्खाण घ्यायचे, नियम घ्यायचे, ते उठायला लागले. कुणी गूळ सोडला, कुणी आठ दिवस पलंग सोडला. उत्तमचंद उठला. पाय लटपटत होते. लोकांना तो भाव वाटला असणार.

‘दिशेची मर्यादा द्या, महासतीजी. जन्मभराची.’

महासतीजी वयस्क होत्या, नजर मंद झालेली. ‘पूर्व-पश्चिम किती ठेवता?’ त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं, चारी दिशा मोकळ्या ठेवल्या, धंद्याला अडचण नको.

‘अन् वरची?’

‘घराच्या गच्चीएवढी.’

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग भिकमचंद बसल्या जागी वळून मोठ्यानं म्हणाला, ‘अरे, म्हणजे विमान सोडलं!’ आणि सगळं स्थानक गलबललं. संघाचे अध्यक्ष उठून सांगायला लागले की जळगावच्या ह्या भाग्यवान श्रावकानं हातात आलेलं सिंगापूर धर्मासाठी सोडलं. धन्य, धन्य, असं चारी बाजूंनी येत होतं. महासतीजींनी हात वर केला. ‘थांबा. नियम जन्माचा आहे. घरच्यांची अनुमती पाहिजे. बाई आल्यात का?’

हे त्यानं धरलं नव्हतं. बायकांच्या गर्दीतून प्रेमकुंवर उठली. शेजारच्या बायका तिच्याकडे डोळे भरून बघत होत्या, एकीनं तर तिच्या लुगड्याच्या काठाला हात लावून तो कपाळाला लावला. तिनं पदर पुढं ओढून घेतला होता, पण त्याच्या बाजूनं तिचा चेहरा दिसत होता. ती महासतीजींकडे बघत नव्हती. सरळ त्याच्याकडे बघत होती, आणि तिला समजायला वेळ लागला नाही, हे त्याला समजलं. तो मान खाली घालून हात जोडून उभा राहिला. तेवढं त्याला चांगलं जमत होतं.

‘आहे,’ प्रेमकुंवर म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता.

परतताना पारोळ्याला वनानं टॅक्सी थांबवली. उत्तमचंदला भूक लागली होती. किती दिवसांनी लागली होती! त्यानं गरम जिलबी मागवली, पानावरचं तूप बोटानं निपटून खाल्लं, वनालाही दिली. अंगातून काहीतरी उतरलं होतं, पाय हलके झाले होते. तो बोलत सुटला: दिवाळीनंतर आपण दिल्लीला जाऊ, आगगाडीनं, तिथं थंडी असते, तुला शाल घेऊ, मुंबईला समुद्र दाखवीन, समुद्र काय सगळीकडे सारखाच. दंडावरची देवीची खपली सुटत आली होती, ती प्रेमकुंवरनं नखानं काढली, बाहेर टाकली, आणि पदरानं दंड झाकून घेतला. त्याच्या हातातली जिलबी खाली आली. मग त्यानं तीही खाल्ली.

सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं म्हणून घरी येताच तिनं चूल पेटवली. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बायका येऊन तिला नमस्कार करून गेल्या, असा नवरा मिळायला पुण्याई लागते म्हणाल्या, आणि ती सगळ्यांना ‘हो’ म्हणाली. मग दार लोटून तिनं ताट वाढलं. तो जेवायला लागला. बोलायला हवं होतं म्हणून म्हणाला, ‘तुला वाईट वाटलं असेल. पण धर्माचं—’

‘तुम्ही भीत होता, ते मला ठाऊक होतं,’ ती भाकरी शेकता शेकता म्हणाली. ‘रोज पहाटे उठून बसायचात. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. सांगितलं असतं तर मी आपणहून नको म्हणाले असते. माझं पोट दुखतंय म्हणून गावभर सांगितलं असतं. माणूस भितो, त्यात काय आहे?’ तिनं भाकरी उलटली. ‘माझ्या तोंडून महासतीजींपुढं खोटं वदवलंत.’

तिच्या बोलण्यात रडं नव्हतं, भांडण नव्हतं. असतं तर त्याला धरायला काही मिळालं असतं. त्यानं कसेबसे घास संपवले आणि ताट जरा पुढं सरकवलं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती त्याच्या उष्ट्या ताटात वाढून घेई. आजारपणात, सणावाराला, माणसं असोत नसोत. आणि शेवटी त्यात पाणी घालून, बोटानं विसळून, ते पाणी पिऊन टाकी, खरकट्यात जीव पडून मरू नयेत म्हणून. त्यानं ताट सरकवलं आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला.

प्रेमकुंवर ताटाकडे बघत होती. कडेला वरण वाळत चाललं होतं, भाकरीचा एक कुरतडलेला तुकडा राहिला होता, त्याच्या बोटांच्या रेघा होत्या. तिच्या नाकपुड्या किंचित वर ओढल्या गेल्या. तो चेहरा उत्तमचंद ओळखत होता. तिनं हात वर करून फळीवरचं दुसरं ताट काढलं, पुसलं, आणि स्वतःला वाढून घेतलं.

‘तुमचं तुम्ही धुऊन प्या,’ ती म्हणाली.

तो पुन्हा बसला. तांब्यातलं पाणी ताटात ओतलं, बोट फिरवलं. पाणी गढूळ झालं, वरणाचे कण वर आले, तुपाचे गोल डोळे तरंगायला लागले. त्यानं ताट दोन्ही हातांनी उचललं, तोंडाला लावलं आणि डोळे मिटून शेवटपर्यंत प्याला. प्रेमकुंवर त्याच्याकडे पाठ करून जेवत होती, आणि चांगली सावकाश जेवत होती.